२६ व्या रस्त्यावर

(पहाट. कमान.)

'बिएनवेनिदोस', म्हणजे सुस्वागतम. शिकागोच्या २६ व्या रस्त्यावरची, लिटल व्हिलेज या वस्तीची ही कमान. पलीकडे बेकऱ्या, पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे मांडलेली दुकानं, काडीवरच्या कुल्फीची हातगाडी. बहुतेक पाट्या स्पॅनिशमध्ये. घरं मेक्सिकोहून आलेल्यांची.

(काटेरी तारा.)

याच रस्त्यानं पूर्वेला दहा मिनिटं चाललं की कुक काउंटीचा, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याचा, तुरुंग लागतो. सुमारे ९६ एकर. शेजारीच फौजदारी कोर्ट.

कमान आणि तुरुंग एवढे जवळ दिसले की माणूस लगेच निष्कर्ष काढतो: बाहेरून आलेले लोक गुन्हे जास्त करतात. तो निष्कर्ष तपासायला काही संशोधक घरोघर गेले.

(जिने, दारं, बेल.)

१९९५ ते २००२. शिकागोच्या १८० वस्त्या, ८ ते २५ वयाची जवळजवळ ३,००० मुलंमुली. पोलिसांच्या नोंदींवर न विसंबता त्यांनी मुलांनाच विचारलं: गेल्या वर्षात कुणाला मारलंस? हत्यार बाळगलंस? टोळीच्या मारामारीत होतास? काही वर्षांनी पुन्हा तेच दार, तेच प्रश्न. पोलिसांची नोंद पोलीस कुठे गस्त घालतात त्यावरही ठरते, म्हणून ही पायपीट मोलाची.

२००५ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. सगळ्या वंशांची मिळून, परदेशातून आलेली पहिली पिढी तिसऱ्या पिढीपेक्षा हिंसेकडे वळण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी. दुसरीची २२ टक्क्यांनी. आणि मेक्सिकन मुलांमधली हिंसा गोऱ्या मुलांपेक्षाही कमी. का? आईवडिलांचं लग्न टिकलेलं, स्वतः किंवा आईवडील बाहेरून आलेले, आणि शेजारीपाजारीही तसेच. म्हणजे घरासोबत ही गल्लीही त्यांना सावरत होती.

(कोर्टाच्या पायऱ्या.)

गुन्ह्यांच्या सरकारी तक्त्यात मात्र एकच रकाना: हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं. कालपरवा सीमा ओलांडलेला मजूर त्यात, आणि ज्याचा आजाही शिकागोत जन्मला तो पोरगाही त्यातच. कित्येक ठिकाणी तर तोही रकाना नाही. नुसता वंश लिहितात, आणि हिस्पॅनिक कैदी 'गोरा' म्हणून मोजला जातो. पिढी कुणी लिहीत नाही. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात शिक्षा झालेल्या हिस्पॅनिकांपैकी पुष्कळांचा गुन्हा म्हणजे हद्दपार झाल्यावर परत येणं. त्यानं हिस्पॅनिक गुन्हेगारांचा आकडा फुगतो, आणि त्यावर कायदे होतात.

(हातगाडी. तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ, त्याच्या पातेल्याचं झाकण उघडतं, वाफ. मागे तुरुंगाची भिंत. निवेदन नाही.)