"दोनच घेतल्यात साहेब"

(रात्रीचा रस्ता. तिरके लावलेले बॅरिकेड. पोलीस जीपचा लाल-निळा दिवा.)

रात्रीचा एक वाजून गेलाय. हवालदार काचेवर टकटक करतो, काच अर्धीच खाली येते आणि आतून बडीशेपेचा वास. "साहेब, दोनच घेतल्यात." महाराष्ट्रातल्या कुठल्याही नाकाबंदीवर जा, गटारीला जा, थर्टी फर्स्टला जा, नाहीतर साध्या शनिवारी जा, हेच वाक्य ऐकायला मिळतं. हवालदार पाकीट फाडून नवी प्लॅस्टिकची नळी काढतो, मशीनला लावतो. "फुंका. जोरात. थांबू नका." समोरचा नुसते गाल फुगवतो, हवा सोडतच नाही, मग परत, मग तिसऱ्यांदा. शेवटी आकडा येतो आणि छोटीशी पावती छापून बाहेर पडते, तिच्यावर तारीख आणि वेळ.

ती वेळ लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडतं.

कायदा सांगतो, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. मोटार वाहन कायदा, कलम १८५. पहिल्यांदा सापडला तर ६ महिन्यांपर्यंत जेल किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर २ वर्षांपर्यंत जेल किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. आता ३० म्हणजे किती? सत्तर किलोचा माणूस, रिकामं पोट, एक लार्ज पेग, म्हणजे ६० एमएल व्हिस्की. एवढ्यात ती रेष ओलांडली जाऊ शकते. "दोनच" वाला तर कधीच पुढे गेलेला असतो, आणि खोटं बोलतोय असंही नाही बरं का, त्याला खरंच वाटत असतं की मी एकदम ओके आहे. दारू पहिला हात घालते तो ह्याच जागी, आपण कितपत शुद्धीत आहोत हे ओळखायची जी अक्कल असते ना तिच्यावर. पाय अडखळणं, जीभ जड होणं हे सगळं नंतर येतं.

आणि रस्त्यावर किती फरक पडतो? ८० च्या स्पीडने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर माणूस आला आणि ब्रेकवर पाय जायला नुसता अर्धा सेकंद जास्त लागला तर ११ मीटर गेले, म्हणजे अख्खी एसटी बस मावेल एवढं अंतर, आणि तोवर ब्रेक लागलेलाच नाही.

महाराष्ट्रात रस्त्यावर वर्षाला १५ हजारांच्या आसपास माणसं मरतात. दिवसाला चाळीस. त्यात दारूमुळे किती? देशाचा २०२२ चा सरकारी अहवाल काढून बघितला तर दारूच्या खात्यात एकूण मृत्यूंपैकी अडीच टक्क्यांच्या आसपास मृत्यू दिसतात. एवढेच? मला हा आकडा पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. त्याच अहवालात सत्तर टक्क्यांच्या वर मृत्यू भरधाव वेगाच्या नावावर आहेत. अहो, पण वेग वाढवणारा पाय शुद्धीत होता का हे कोणी तपासलं? अपघात झाला की आधी जखमीला उचलायचं, दवाखाना गाठायचा, मग पंचनामा, ह्यात तास जातात, चालवणारा पळाला तर दिवस जातात, आणि मेला असेल तर घरचेच हात जोडतात की साहेब दारूचं लिहू नका, इन्शुरन्सचे पैसे अडकतील, मागे बायको-पोरं आहेत.

इकडे शरीर काय थांबत नाही. लिव्हर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने दारू साफ करत राहतं, म्हणजे पुरावाच साफ करतं.

(पुसट होत जाणारा आकडा.)

१२ नोव्हेंबर २००६, पहाटे, वांद्र्याचा कार्टर रोड. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर कार चढली. ७ जण गेले. दिवसभर रस्त्याचंच काम करून त्याच रस्त्याच्या कडेला पाठ टेकलेली माणसं. चालवणारा तिथेच सापडला, रक्त घेतलं, ११२ मिलिग्रॅम निघाले, मर्यादेच्या जवळपास चौपट. हा कागद हातात होता म्हणून केस टिकली, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३ वर्षांची शिक्षा कायम केली. सात जीव आणि तीन वर्षं.

७ जुलै २०२४, वरळी. पहाटे मासे घेऊन स्कूटरवरून घरी निघालेलं जोडपं, मागून बीएमडब्ल्यू. बाई गेली. चालवणारा दोन दिवसांनी हाती लागला, आता दोन दिवसांनी रक्तात काय सापडणार?

आणि १९ मे २०२४ चं पुणे, कल्याणीनगर, ते तर सगळ्यांना माहितीय. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर गेले. त्याच दिवशी जामीन, अट काय तर ३०० शब्दांचा निबंध. नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. आपल्या राज्यात कडक दारू प्यायला वय २५ लागतं, हे किती जणांना माहितीय?

रक्त कसं घेतात बघा. एरवी सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवतात, इथे तो चालत नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. बाटलीत आधीच सोडियम फ्लोराइड घातलेलं असतं, म्हणजे नमुना खराब होत नाही, मग सील, सही, वेळ. अटकेपासून दोन तासांत तपासणी झाली पाहिजे असं कायदाच म्हणतो. इतकी काळजी एका छोट्या बाटलीची, आणि तरी केस ह्याच बाटलीपाशी फसते.

पार्टीनंतर पार्किंगमध्ये काय होतं तुम्हीही पाहिलं असेल. "तू चालव रे, तू कमी घेतलीयस." ज्याने कमी घेतली तो ड्रायव्हर. अजिबात न घेतलेला एकही नाही त्यात. कोणी लिंबू पिळतो, कोणी ब्लॅक कॉफी मागवतो, कोणी तोंडावर पाणी मारतो. ह्यातलं काहीही रक्तातला आकडा कमी करत नाही. उलट शेवटचा पेग अजून पोटात असतो, त्यामुळे बाहेर पडल्यावरही आकडा वर चढत असतो.

समजा त्या ड्रायव्हरच्या रक्तात रात्री एकला दीडशे आहे. घरी पोचला, नशीब, कोणाला धडकला नाही. झोपला. तासाला १५ कमी, सहा तासांत ९० कमी. सकाळी सात वाजता आंघोळ झालीय, दात घासलेत, वास येत नाही, आणि रक्तात अजून ६०, मर्यादेच्या दुप्पट.

(सकाळ. सोसायटीचं गेट. बाइकवर पुढे टाकीवर बसलेली मुलगी, पाठीला दप्तर.)

तिला शाळेत सोडायला तोच निघालाय. सकाळी नाकाबंदी नसते.