तीन पायऱ्या

नमस्कार श्रोतेहो.

एका कार्यालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, असं डोळ्यांसमोर आणा. व्हीलचेअरवर बसलेली एक बाई तिथं येते. चार माणसं धावतात, तिला खुर्चीसकट उचलतात आणि वर नेऊन ठेवतात. सगळ्यांना बरं वाटतं. तिला मात्र कोणी विचारत नाही. अनोळखी हात, कलंडलेली खुर्ची, पोटात आलेला गोळा. शिवाय काम आटोपलं की उतरण्यासाठी पुन्हा चार जणांची वाट बघायची. त्या चौघांच्या मनात खोट नाही, हे मी मनापासून सांगते. पण आपल्या कामासाठी आपल्या वेळेला आत जाणं हा तिचा हक्क आहे, आणि तो कुणाच्या चांगुलपणावर टांगलेला नसावा.

रॅम्पसुद्धा नीट हवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण अनेक ठिकाणी धरलं जातं. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट भरली, तर रॅम्प अठरा फुटांचा झाला. तोच सहा फुटांत बसवला, तर चढताना दंडातली ताकद संपते आणि उतरताना चाकं आवरत नाहीत. असा रॅम्प तपासणीपुरताच.

13 डिसेंबर 2006 रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. शरीरातली उणीव आणि समाजातले अडथळे एकमेकांना भिडतात तेव्हा माणसाची वाट अडते, अशी त्याची भूमिका आहे. एखाद्याच्या गरजेप्रमाणे झेपेल तेवढा बदल करून देणं, म्हणजे वाजवी सोय, नाकारली तर तो करार त्याला सरळ भेदभाव म्हणतो. अंध विद्यार्थ्याला ब्रेलमधली प्रश्नपत्रिका मिळते, ती यातूनच. तिला सवलत म्हणणं मला खटकतं. बाकीच्यांना त्यांना वाचता येईल अशी प्रश्नपत्रिका मिळतेच की!

जगात सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अपंगत्व आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सुमारे 130 कोटी माणसं. म्हातारपणी तर आपल्यापैकी बरेच जण त्यांच्यात असू.

सगळेच अडथळे विटांचे नसतात. एक अंध गृहस्थ भाच्याबरोबर खिडकीशी उभे असतात. कारकून भाच्याला विचारतो, "यांना काय हवंय?" खातं मामांचं, पैसे मामांचे, आणि पेन भाच्याच्या हातात. कायद्यापुढे आपले निर्णय आपण घेण्याचा हक्क त्या करारात बाराव्या कलमात आहे. इथं तो एका प्रश्नात हिरावला गेला. मामांकडे तोंड करून "बोला, काय काम आहे?" म्हणायला ना निधी लागतो, ना मंजुरी.

आणखी एक. हे बोलणं रेडिओवरचं, म्हणजे कर्णबधिर माणसांपर्यंत ते पोचतच नाही. त्यांच्याच हक्कांची गोष्ट त्यांना वगळून करणं मला पटेना, म्हणून हा मजकूर केंद्राकडे लिहून दिला आहे. तुमच्या ओळखीत कोणी असेल, तर तेवढं त्यांना कळवा.