घाटाचा चढ ३७ डिग्री नाहीये! कर्जतचे बँकर, रिव्हर्सिंग स्टेशन आणि आपले ट्रेन गेम

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज ठरवलेला विषय बाजूला ठेवलाय. प्रश्न असा, "ताई, मी मोबाईलवरच्या गेममध्ये कर्जतहून एकाच इंजिनावर गाडी लोणावळ्याला नेली, आरामात गेली, मग रेल्वे खरी गाडी कर्जतला थांबवून मागे इंजिनं का लावते?" त्या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. प्रश्न चांगलाय. पण त्याच्याखाली कुणीतरी उत्तर दिलंय, "भावा, तिथे ३७ डिग्रीचा चढ आहे", आणि त्या उत्तराला धडाधड लाइक्स. ते वाचलं आणि कॅमेरा काढला.

आधीचा इतिहास पटकन सांगते, तो बहुतेकांना माहीत असतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५६ मध्ये पळसदरीवरून रूळ खोपोलीपर्यंत आले, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लाइन सुरू झाली. म्हणजे खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये अख्खा बोरघाट मोकळा. माणसं खोपोलीला उतरायची, पालखीत नाहीतर घोड्यावर बसून घाट चढायची आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची. मधला तुकडा १८६३ मध्ये जोडला गेला. सुमारे २५ किलोमीटर लांबी, २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि चढ १८३१ फूट. झालं.

आता ३७. घाटातला सगळ्यात कडक चढ आहे वन इन थर्टीसेव्हन. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. एवढंच. अंशात मोजलंत तर दीड डिग्रीच्या जरासं वर. ३७ डिग्री म्हणजे काय होतं हे बघायचं असेल तर कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि तेवढी रेघ मारून बघा, त्या रेघेवरून गाडी सोडा, माणूससुद्धा हातपाय टेकल्याशिवाय चढणार नाही.

यावर कुणीतरी लिहिणारच की ताई, दीड डिग्री म्हणजे काहीच नाही, मग एवढा बाऊ कशाला. थांबा, त्याच्यावरच येतेय. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची राहून जाईल.

हा घाट बांधला कुणी? जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले, त्यांचं नाव सगळीकडे येतं, यायलाच हवं, बिचारे घाट सुरू व्हायच्या आधीच १८६२ मध्ये गेले. पण कंत्राट कुणाकडे होतं ते बघा. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल, त्याने १८५९ मध्ये काम सोडलं, पगार वेळेवर मिळत नव्हते म्हणून मजूर भडकले होते. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि इथे पोचल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्यानंतर ते कंत्राट पुढे नेलं त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने. अनुभवी इंजिनिअर हाताशी धरून तिने काम तडीला नेलं. आणि १८६१ च्या सुमाराला या कामावर एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसं होती. बेचाळीस हजार! पटकीने माणसं पटापट मेली, कड्यावरून दोरीला लटकून सुरुंगाची भोकं पाडायला लागायची. गेममध्ये आपण तो बोगदा काही सेकंदांत पार करतो तेव्हा मला दर वेळी हे आठवतं. आणि हो, शिंग्रोबाबद्दल तुम्ही सारखं विचारता. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगराने दाखवली असं सांगतात, जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, गाडीवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. मीही टाकते.

बरं, परत ३७ वर. दुसऱ्या बाजूने बघू. नेरळ-माथेरानची छोटी गाडी, १९०७ ची. तिचा सगळ्यात कडक चढ वन इन ट्वेंटी, म्हणजे तीन डिग्रीच्या आत. निलगिरीची गाडी साधारण वन इन ट्वेल्व्ह, म्हणजे पावणेपाच डिग्रीच्या आसपास, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तिथे दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवावी लागली आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर जातं. आणि स्वित्झर्लंडमधली पिलाटुस रेल्वे, १८८९ ची, जगातली सगळ्यात चढाची दातेरी रेल्वे, तिचा कमाल चढ २६ डिग्रीच्या आत आहे. आता मला सांगा, दाते लावूनसुद्धा जग २६ पर्यंत पोचलंय आणि आपली डेक्कन क्वीन गुळगुळीत रुळांवरून ३७ डिग्री चढते? लाइक देण्याआधी एवढा तरी विचार करा की हो.

आता दीड डिग्रीचा बाऊ का, ते. २४ डब्यांची भरलेली गाडी धरा, डबा ५० टन, म्हणजे १२०० टन. सपाट रुळावर ती ओढायला फारसं काही लागत नाही, लोखंडावर लोखंड फिरतंय, रेल्वेची सगळी मजा त्यातच आहे. पण वन इन थर्टीसेव्हन लागला की वजनाचा सदतिसावा भाग गाडीला मागे खेचायला लागतो. १२०० भागिले ३७, बत्तीस टनांच्या वर. आपल्याकडचं डब्ल्यूएपी-७ इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त ओढतं साधारण ३३ टन. म्हणजे सगळं जमून आलं, रूळ कोरडे असले, तरी डब्यांपुरतंच जेमतेम, इंजिनाचं स्वतःचं वजन तर यात धरलेलंच नाही. आणि आपल्या घाटात जुलैमध्ये रूळ कोरडे? पाऊस, वरून आलेला चिखल, पालापाचोळा, चाक जागच्या जागी फिरायला लागतं. हीच ३७ ची तिसरी बाजू आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, की चढ डोळ्याला दिसतच नाही, तो वजनाला जाणवतो. डोळ्याला दिसण्यासारखं हवं असेल तर हे घ्या, ती २४ डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरच्या वर लांब असते, म्हणजे पूर्ण गाडी त्या चढावर असताना पुढचं इंजिन शेवटच्या डब्यापेक्षा पंधरा मीटर उंचावर असतं. पाच मजले!

मग मागे का लावायची इंजिनं, पुढेच लावा की सगळी, हा पुढचा प्रश्न. सगळी पुढे लावली तर सगळी ओढ येते पहिल्या कपलिंगवर, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणाऱ्या कडीवर, आणि ते तुटलं तर उरलेली गाडी घाटात मागे घसरणार. बँकर मागून रेटतात, पुढच्या कपलिंगवरचा ताण कमी होतो, आणि काही तुटलंच तर मागचे डबे अडवायला इंजिन आधीच तिथे आहे. गाडी चढते म्हणून नुसतं भागत नाही, ती मागे येता कामा नये. कर्जतला ते लावेपर्यंत तुम्ही दिवाडकरांचा वडा खाता, खा, मस्तच असतो, पण एकदा प्लॅटफॉर्मच्या मागच्या टोकाला जाऊन जोडणीसुद्धा बघा.

आणि गेम जिथे सगळ्यात जास्त फसवतात ती जागा म्हणजे उतार. चढताना काही बिघडलं तर गाडी निदान मंदावते, उतरताना वेग वाढतच जातो. त्याच १२०० टनांच्या गाडीचा हिशोब केला, १८३१ फूट म्हणजे ५५८ मीटर, तर वरून खाली येताना जेवढी ऊर्जा सुटते ती सुमारे १८०० युनिट. घरच्या मीटरवरचे युनिट म्हणतेय मी! ते सगळं कुठेतरी जायला हवं. नुसते ब्रेक दाबून ठेवलेत तर सगळी उष्णता ब्रेकमध्ये, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून १९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज आली तेव्हा जी इंजिनं आणली, लांब नाकामुळे ज्यांना क्रोकोडाइल म्हणतात, ती उतरताना मोटारींकडूनच जनरेटरचं काम करून घेऊन वीज परत तारेत सोडायची. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते, आणि हे १९२९ ला! मला या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं.

शिवाय कॅच सायडिंग. मुंबईकडे उतरताना गाडी मध्येच कुठल्यातरी केबिनपाशी थांबते आणि तुम्ही वैतागता. तिथे फाटा मुद्दाम चढावर जाणाऱ्या आंधळ्या, म्हणजे पुढे संपणाऱ्या, लाइनकडे लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन थांबावी, हा हेतू. मोबाईलवरच्या बहुतेक गेममध्ये हे नसतं, ब्रेकचं बटण दाबलं की संपलं. ओपन रेल्ससारख्या सिम्युलेटरमध्ये बघा, ब्रेक सारखा लावला-सोडला, लावला-सोडला केलंत की ब्रेकच्या टाकीत हवा भरायला वेळच मिळत नाही आणि शेवटी ब्रेक हाताशी राहत नाही. घाट शिकायचा तर तिथे शिका.

गेमवरून आठवलं. मायक्रोसॉफ्टचा २००१ चा ट्रेन सिम्युलेटर कुणी खेळलंय? त्यात जपानची हिसात्सु लाइन होती, डोंगरातली, आणि तिच्यावर गाडी एका आंधळ्या फाट्यात घालायची, थांबायची, मग उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. मी ते शाळेत असताना मामाच्या कॉम्प्युटरवर खेळायचे आणि मला ती जपानी डोक्यालिटी वाटायची. नंतर कळलं की खंडाळ्याच्या खाली आपल्याकडे हेच होतं, १८६३ पासून! डोंगर इतका अंगावर येतो की वळायला जागाच नाही, म्हणून गाडी सरळ कड्याच्या टोकाला न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलटं निघायचं. विजेच्या वेळी नवे बोगदे काढले आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. अमृतांजन पूल होता ना, १८३० चा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला तो, त्याच्याच परिसरात ती जागा. माझं म्हणणं आहे की कुणीतरी हुशार मराठी पोरांनी १९२९ च्या आधीचा बोरघाट गेममध्ये बनवावा, वाफेची इंजिनं, रिव्हर्सिंग स्टेशन, सगळं. माझ्याकडे जे काही जुने नकाशे आणि फोटो आहेत ते मी आनंदाने देईन, ईमेल खाली आहे.

शेवटचा प्रश्न, वंदे भारत. "ती कशी जाते बँकरशिवाय?" मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि ती खरंच बँकर न लावता जाते. कारण तिला पुढे एक इंजिन असं नसतंच, मोटारी गाडीभर डब्यांखाली वाटलेल्या आहेत, म्हणजे निम्म्या डब्यांची चाकं स्वतःच ओढतात, कुठल्याच एका कपलिंगवर सगळा भार येत नाही, आणि घाटात थांबली तर मागे घसरू नये म्हणून पार्किंग ब्रेक आहेत. चढ तोच, वन इन थर्टीसेव्हन. दीड डिग्री. पुढच्या व्हिडिओत कसारा-इगतपुरीचा थळ घाट घेते, तोही वन इन थर्टीसेव्हनच आहे, तेव्हा कमेंटमध्ये डिग्री लिहायच्या आधी कोनमापक काढा.