जपानी शिकताना मराठी जवळ ठेवा

मंडळी, फळ्यावर एक वाक्य लिहिलंय: ‘वाताशि वा नेको गा सुकि देस.’ म्हणजे ‘मला मांजर आवडतं.’ इथे बरेच नवे विद्यार्थी ‘नेको’नंतर ‘गा’ऐवजी ‘ओ’ लावतात. ‘ओ’ कर्माला लागतो. शिकणं बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून होतं, त्यामुळे मनात ‘आय लाइक कॅट्स’ असतं आणि त्या वाक्यात मांजर कर्म आहे. पण मराठीत बघा. ‘मला मांजर आवडतं’, ‘मला मांजरी आवडतात’. क्रियापद मांजराप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. जपानीत ‘सुकि’ हे तर क्रियापदही नाही, विशेषण आहे, पण वाक्याची ठेवण आपल्यासारखीच. आवडणारी वस्तू ‘गा’ घेते. ‘मला पाणी हवंय’ म्हणजे ‘मिझु गा होशिइ देस’. ‘मला जपानी समजतं’ म्हणजे ‘निहोंगो गा वाकारिमास’. हवं असणं, समजणं, येणं, दिसणं: जिथे आपण ‘मला’ म्हणतो, तिथे जपानीत ‘गा’ लागतो का, हे आधी तपासा. बहुतेक वेळा लागतो.

म्हणून माझा आग्रह आहे की जपानी वाक्य समजून घेताना मधे इंग्रजी आणू नका. थेट मराठीत बसवून बघा.

सोप्या गोष्टी पटकन सांगतो. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे शब्द नामाच्या मागे लागतात. प्रश्नाला शेवटी ‘का’ लावायचा: ‘किमास का?’, येता का? लिंग, वचन, पुरुष यांचा क्रियापदावर काही परिणाम नाही. ‘इकिमास’ म्हणजे जातो, जाते, जातात आणि जाईनसुद्धा. नकार ‘इकिमासेन’, भूतकाळ ‘इकिमाश्ता’, भूतकाळातला नकार ‘इकिमासेन देश्ता’. या चार रूपांवर पुष्कळ संभाषण निभावतं.

आता ‘ते’रूपाकडे येऊ. विद्यार्थी याला घाबरतात, कारण धातूचा शेवट बदलतो. ‘ताबेरु’चं ‘ताबेते’ सरळ आहे, पण ‘नोमु’चं ‘नोन्दे’ होतं, ‘काकु’चं ‘काइते’, आणि ‘इकु’ मात्र नियम मोडून ‘इत्ते’ होतं. हे पाठच करावं लागतं. पण त्याचा उपयोग कळायला मराठी माणसाला क्षणभरही लागू नये, कारण हे आपलं ‘ऊन’ आहे. खाऊन, पिऊन, लिहून, जाऊन. पुढचं तर मला फार आवडतं. ‘मिरु’ म्हणजे बघणं, आणि ‘ताबेते मिमास’ म्हणजे खाऊन बघतो. ‘ओकु’ म्हणजे ठेवणं, आणि ‘काइते ओकिमास’ म्हणजे लिहून ठेवतो. ‘मोत्ते किमास’ घेऊन येतो, ‘मोत्ते इकिमास’ घेऊन जातो. ‘ताबेते शिमाइमाश्ता’ म्हणजे खाऊन टाकलं. इंग्रजीतून हे शिकवताना प्रत्येकाला वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागतं. आपल्याकडे ही सगळी संयुक्त क्रियापदं लहानपणापासून तोंडात आहेत.

पण मराठी काही ठिकाणी दगाही देते. आपला ‘त’ घ्या. ‘मुंबईत राहतो’ आणि ‘मुंबईत काम करतो’, दोन्हीकडे ‘त’. जपानीत राहण्याला, असण्याला ‘नि’: ‘मुंबई नि सुंदे इमास’. काही करण्याच्या जागेला ‘दे’: ‘मुंबई दे हाताराइते इमास’. हाच ‘दे’ साधनालाही लागतो, ‘बासु दे इकिमास’, बसने जातो.

तसंच ‘आहे’. निर्जीवाला ‘आरिमास’, सजीवाला ‘इमास’. झाड सजीव खरं, पण स्वतः हलत नाही, म्हणून ‘आरिमास’. टाकीत पोहणारा मासा ‘इमास’, बाजारात टोपलीत पडलेला मासा ‘आरिमास’.

आणि ‘देणं’. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी मित्राला पुस्तक दिलं, तर ‘आगेमाश्ता’. मित्राने मला दिलं, तर ‘कुरेमाश्ता’. वस्तू माझ्याकडून गेली की माझ्याकडे आली, हे क्रियापदच सांगतं, म्हणून ‘तोमोदाचि गा होन ओ कुरेमाश्ता’ एवढ्यात ‘मला’ वेगळं म्हणायची गरज उरत नाही. आणि ‘माझ्याकडे’ म्हणताना जपानी माणूस त्यात घरचेही धरतो. करून देण्यालाही हेच लागू: मित्राने मला शिकवलं, तर ‘ओशिएते कुरेमाश्ता’. नुसतं ‘ओशिएमाश्ता’ म्हटलं तर मदत झाली, पण तिची जाण ठेवली नाही, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आता वह्या काढा. ‘शेजाऱ्यांनी माझ्या ताईला आंबे दिले’, हे लिहायचंय. क्रियापद कोणतं, ते आधी ठरवा.