गोष्ट सांगतंय कोण? निवेदकाची भानगड

नमस्कार मंडळी. कथेवरचा प्रश्न आला की निम्म्या उत्तरपत्रिका 'लेखक म्हणतो की' अशा सुरू होतात. आजचा व्हिडिओ त्या तीन शब्दांवर. कथेत बोलतो तो निवेदक, आणि हा निवेदक लेखकानं घडवलेला असतो. पात्रं घडवतो तसाच.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली. तिच्यात गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच, असं गृहीत धरून बोलणारे लोक अजूनही भेटतात. दोघांत साम्यं असतील, असू देत. पण पांडुरंगाचा प्रत्येक तिरकस शेरा नेमाड्यांच्या खात्यावर मांडला, तर कादंबरी मधूनमधून पांडुरंगालाच कशी उघडी पाडते, ते हातातून निसटतं.

आता एक साधा प्रसंग घेऊ, मी आत्ताच रचलेला. किराणा दुकान, भर दुपार. बापू शटर अर्धं खाली ओढतात. घडतं एवढंच.

पहिल्यांदा सर्वसाक्षी निवेदकाकडून ऐका. 'बापूंनी शटर अर्धं ओढलं. समोरच्या टपरीपाशी घाऊक व्यापाऱ्याचा वसुलीचा माणूस उभा होता. तीन महिन्यांची थकलेली बिलं त्याच्या पिशवीत होती.' या निवेदकाला पिशवीच्या आतलंही दिसतं. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुला कसं कळलं?

आता निवेदन तृतीय पुरुषीच ठेवू, पण एकाच पात्राच्या खांद्यावरून बघू. 'बापूंनी शटर अर्धं ओढलं. जरा सावली झाली. टपरीपाशी कोणीतरी उभं होतं. असेल कोणी.' पिशवी गेली, बिलंही गेली. बापूंना जेवढं दिसतं किंवा बघायचं असतं, तेवढंच आपल्याला मिळतं. याला मर्यादित दृष्टिकोन म्हणतात.

आणि आता बापू स्वतः बोलतायत. 'मी शटर अर्धं ओढलं. उन्हाचा त्रास होतो हो मला. टपरीवर कोण उभं आहे म्हणून नाही काही.'

ऐकलंत? टपरीचा विषय कोणी काढला होता? कोणीच नाही. बापूंनी आपणहून काढला आणि वर नाकारला. हा झाला अविश्वसनीय निवेदक. ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ साली रूढ केली. तसे निवेदक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. असा निवेदक खोटारडाच असतो असं नाही. कधी तो लहान असतो, कधी स्वतःचीच समजूत घालत असतो. ओळखायचा कसा? न मागितलेला खुलासा आला की कान टवकारायचे.

पहिल्या आवृत्तीत अजून एक गंमत आहे. तो वसुलीवाला दुकानात शिरला आणि बापू त्याला गिऱ्हाईक समजून म्हणाले, 'या या, काय देऊ?' वाचकाला बिलं माहीत आहेत, बापूंना माहीत नाही हा कोण. वाचक आणि पात्र यांच्या माहितीतल्या या फरकातून नाट्यात्म उपरोध तयार होतो. दुसऱ्या आवृत्तीत हेच वाक्य नुसतं दुकानदाराचं वाक्य राहतं. म्हणून मी म्हणतो, आधी निवेदक पकडा.

मराठीत याचं जुनं आणि जबरदस्त उदाहरण म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः आली. गोष्ट सांगते यमू. लहानपणी घरात जे चाललंय ते तिला दिसतं, पण त्याचा पुरता अर्थ लागत नाही, वाचकाला लागतो. आपट्यांनी बाईच्या दुःखावर भाषण ठोकलं असतं तर ते आज कोणी वाचलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. यमूच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं.

एकापेक्षा जास्त निवेदक हवेत? 'ययाति' घ्या, १९५९ ची. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली बाजू सांगतात. 'मृत्युंजय'मध्ये तर कर्णासकट सहा जण बोलतात. तिथे एक कारागिरीची अडचण बघा. कर्ण 'मी'च्या भाषेत बोलतोय, मग त्याच्या मृत्यूनंतरचं कोणी सांगायचं? शिवाजी सावंतांनी शेवटचा भाग श्रीकृष्णाकडे दिला. प्रथमपुरुषी निवेदन निवडणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो.

प्रतीकाबद्दल कमेंटमध्ये फार विचारणा होते, म्हणून घाईघाईत. अर्धं शटर हे प्रतीक आहे का? एकदाच आलं तर ते शटर आहे, त्याला शटरच राहू द्या. कथेत ते पुन्हा पुन्हा आलं, दर वेळी बापूंच्या लपण्याशी त्याचा संबंध घट्ट होत गेला, तर मग प्रतीकाची भाषा बोलू. दिसलेल्या प्रत्येक वस्तूत प्रतीक शोधायची खोड गाइडांनी लावलीय.

संज्ञाप्रवाह, म्हणजे पात्राच्या मनातले विचार जसे येतील तसे मांडायची पद्धत, आज मुद्दाम घेतला नाही, त्याला वेगळा व्हिडिओ लागेल. त्याआधी मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी मिळाली तर चाळून ठेवा. पुढच्या वेळी तिच्यातलंच एक पान घेऊन बसू.