दाही नव्हे, आठ दिशा

(दृश्य: ठाणे, नौपाडा. जुन्या इमारतीची गच्ची.)

एकेकाळी या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना असत आणि सगळ्यांची तोंडं नैऋत्येला, वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे. वाऱ्याने अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं: "आलं, आलं... गेलं!" तो यागी-उडा अँटेना. एकाच दिशेला कान लावून बसणारा.

(दृश्य: घरातला वायफाय राउटर.)

राउटरची ही उभी काडी वेगळी. दुकानात तिला 'ऑम्नी' म्हणतात. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व. मराठीत शब्द आहे सर्वदिशात्मक. मला तो फार आवडतो, पण त्यातलं 'सर्व' तपासून घ्यावं लागतं.

आपल्याकडे दिशा दहा. आठ भोवतालच्या, शिवाय ऊर्ध्व आणि अधर. उभा ऑम्नी अँटेना भोवतालच्या आठही दिशांना सारखाच सिग्नल देतो. सरळ वर आणि सरळ खाली मात्र जवळपास काहीच जात नाही. दिव्याखाली अंधार, तसंच. डोळ्यांसमोर मेदूवडा आणा: मधल्या भोकातून काडी गेलेली, भोवती लहरींचा वडा.

दाही दिशांना अगदी समान देणारा अँटेना फक्त कागदावर असतो. खोक्यावर छापलेला 'डीबीआय'चा आकडा म्हणजे त्याच काल्पनिक अँटेनाशी केलेली तुलना. आकडा वाढला म्हणजे ताकद नव्याने आली असं नाही. वडा दाबून भाकरी केली, एवढंच. सिग्नल लांब पोचतो, वरच्या मजल्याला मात्र कमी मिळतो. दुमजली घरात एक काडी आडवी करून पाहा, फरक पडू शकतो.

(दृश्य: चेंदणी कोळीवाडा. खाडीतल्या होड्या.)

ही खाडी पुढे समुद्राला मिळते. तिथे बोटीचं तोंड क्षणाक्षणाला वळतं, म्हणून बोटीच्या व्हीएचएफ रेडिओला ऑम्नीच हवा. संकटाची हाक चॅनल १६ वर, १५६.८ मेगाहर्ट्झला जाते. कुणी कुठल्या दिशेला ऐकतंय, हे हाक देणाऱ्याला ठाऊक नसतं.

पण लाटेवर बोट कलली की भाकरीही कलते. एका बाजूचा सिग्नल पाण्यात, दुसऱ्या बाजूचा आभाळात. म्हणून हेलकावणाऱ्या छोट्या बोटीला कमी डीबीआयचा, जाड वड्याचा अँटेनाच बरा.