पायाखाली पिल्लूच का?

मंडळी, हौदातल्या माकडिणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पाणी नाकाशी आलं की ती पिलाला पायाखाली घेते. सांगणारा मग म्हणतो, 'बघा, शेवटी ज्याला त्याला आपलाच जीव प्यारा!' जीव प्यारा असतोच, त्यात वाद नाही. पण पायाखाली दर वेळी पिल्लूच का जातं, हे कोणी विचारत नाही. मला तेच विचारायचं आहे.

१८८४ साली साऊदॅम्प्टनहून सिडनीला निघालेली मिन्योनेट ही लहानशी नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. होडीत चौघे उतरले: कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि १७ वर्षांचा रिचर्ड पार्कर. जवळ सलगमचे दोन डबे, गोड्या पाण्याचा थेंब नाही. वाटेत एक कासव हाती लागलं, तेही संपलं. पार्कर समुद्राचं पाणी प्यायला आणि होडीच्या तळाशी निपचित पडला. कोणी मरायचं यासाठी चिठ्ठ्या टाकायचा विषय निघाला होता, पण टाकल्या नाहीत. डडलीचा हिशेब सरळ होता: आम्हाला बायकामुलं आहेत, हा पोर अनाथ, तसाही वाचायचा नाही. स्टीफन्स तयार झाला आणि डडलीने पोराच्या गळ्यावर सुरी चालवली. तिघांनी त्याच्यावर दिवस काढले. चौथ्या दिवशी एक जहाज आलं.

ते मांस खाल्लं नसतं तर तिघे बहुधा जगले नसते, हे पुढे इंग्लंडमध्ये डडली आणि स्टीफन्सवर चाललेल्या खटल्यात ज्युरीनेही मान्य केलं. म्हणूनच हा खटला अवघड आहे. तरी सरन्यायाधीश कोलरिज यांनी खून तो खूनच ठरवला. त्यांचा सवाल असा, की कोणाचा जीव किती मोलाचा हे मोजायचं कशाने? बळाने? बुद्धीने? आणि मोजणारा तोच, ज्याला त्यातून जगायचं आहे! आपल्यालाही कदाचित पेलणार नाही असा दंडक आपण घालतो आहोत, हेही त्यांनी कबूल केलं. फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मला हे दोन्ही योग्य वाटतं. माणसावर दया करावी, पण त्याच्या हिशेबाला मान्यता देऊ नये.

याउलट १९८५ साली पेरूतल्या सिउला ग्रांदे शिखरावर गिर्यारोहक सायमन येट्सने सोबत्याचा दोर कापला. पाय मोडलेल्या जो सिम्पसनला तो वादळात, अंधारात, दोराने टप्प्याटप्प्याने खाली सोडत होता. सिम्पसन कड्यावरून अधांतरी लोंबकळला, येट्सच्या खालचा बर्फ सरकू लागला, तेव्हाच त्याने चाकू काढला. वाचलेल्या सिम्पसनने त्याला कधी दोष दिला नाही. येट्सने सोबत्याला स्वतःच्या जगण्याचं साधन केलं नव्हतं. त्याचा हात रिकामा झाला तो सगळं करून थकल्यावर.

पण मी सगळ्यात जास्त विचार ब्रूक्सचा करतो. त्याने मारायला संमती दिली नाही, मारणाऱ्याचा हातही धरला नाही, आणि नंतर वाटा घेतला. त्याच्यावर खटला चालला नाही, त्याची साक्ष झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला डडलीची नाही, ब्रूक्सचीच जागा येईल. 'चिठ्ठ्या नकोत' असं म्हणायला त्याचा आवाज फुटला होता. तोच आवाज 'पोराला हात लावू नका' असं म्हणायला का फुटला नाही?